तिसरा रकाना

मोनिकाबायने मुलांना चर्चच्या युवा गटात का घातलं, हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिनेही ते कधी लपवलं नाही. तिचा सख्खा भाऊ दारूने गेला. वसईच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावांत लग्न असो, सण असो की बाप्तिस्म्याचं जेवण, पंगतीच्या आधी बाटली येते. पोरांना त्यातून वाचवायचं तर त्यांचे रविवार आपणच आधी भरून टाकावेत, असा तिचा हिशेब. थोरली रेशल दृढीकरण संस्कार झाल्याच्या पुढच्याच आठवड्यात युवा गटात दाखल झाली. धाकटा जोएल मात्र एकदा जाऊन आला आणि म्हणाला, "तिथे सगळे बोलतातच. खेळत कुणी नाही." मग तो समुद्राकडच्या मैदानात फुटबॉल खेळायला जाऊ लागला आणि मोनिकाबायच्या रविवारच्या प्रार्थनेत एका विनंतीची भर पडली.

रेशलच्या बाबतीत तिला कसलीच काळजी उरली नाही. नाताळचा गोठा करायला ही पोरगी रात्री अकरापर्यंत चर्चच्या आवारात, गुड फ्रायडेच्या क्रुसाच्या वाटेत वेरोनिका हीच, रक्तदान शिबिरात टेबलाशी नावं लिहायला हीच. भिंतीवर कार्लो अक्युतिसचं चित्र लागलं. जीन्स, पाठीवर सॅक, पायांत बूट, असा संत मोनिकाबायने आधी कधी पाहिला नव्हता. त्या इटालियन मुलाबद्दल तिने रेशलकडून ऐकलं होतं. संगणकावर ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची यादी करणारा, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेलेला. पण तिला त्याच्यापेक्षा त्याच्या आईचं कुतूहल जास्त. ती बाई म्हणे चर्चची पायरीही फारशी चढायची नाही. पोराच्या प्रश्नांना उत्तरं देता येईनात, म्हणून तिने धर्माचा अभ्यास सुरू केला. मोनिकाबायला हे ऐकून बरं वाटलं, म्हणजे आपण त्या बाईपेक्षा बऱ्या आहोत असं वाटलं. आपल्या पोरीला असले प्रश्न विचारायची वेळच येणार नाही, कारण आपण तर वाचक आहोत. महिन्यातून एकदा मिस्सेत व्यासपीठावरून वाचन करतो आणि आपलं वाचन शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

ते खरंच होतं. तिच्यासारखं वाचन आमच्या धर्मग्रामात कुणी करत नाही.

आता घरचं थोडं सांगायला हवं. नवरा विल्सन अंधेरीला कंपनीत, सकाळी सातला निघून रात्री नऊला परत. वाडी मोनिकाबायच बघते. केळी आहेत, थोडं अळू आहे, पण पैसा मोगऱ्याचा. मोगऱ्याची कळी उमलली की तिची किंमत गेली, म्हणून उजाडायच्या आत डोक्याला बॅटरी लावून खुडायची आणि साडेसहाच्या आत टेम्पोत चढवायची. टेम्पो आमच्या गावाची सगळी फुलं दादरला नेतो. मोगऱ्याच्या दिवसांत एकही सकाळ मोकळी नसते. खुडायला सुकरी येते, तुंगारेश्वरच्या पायथ्याकडून. गेली कित्येक वर्षं येते. जोएलला तिने कडेवर घेतलेलं आहे. तिला रोजचे तीनशे. वाडीत खोदकामाला, केळीला पुरुष मजूर लागला तर त्याला पाचशे. सकाळचा चहा तिला मागच्या दारी मिळतो, कान तुटलेल्या एका कपातून. तो कप खिडकीच्या कोनाड्यात उपडा असतो, घरातल्या मांडणीवर नसतो. हे सगळ्यांच्याच घरी असतं, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच म्हणत होतो.

२०२५ सालच्या राखेच्या बुधवारनंतर गटात एक दादा शिबिर घ्यायला आला. त्याने पोरांना जोसेफ कार्डाइनची गोष्ट सांगितली. बेल्जियममधला हा मुलगा १८८२ सालचा, कामगाराच्या घरचा. धर्मगुरू व्हायला गेला आणि सुट्टीत घरी आला तर शाळेतले जुने सोबती त्याच्याशी बोलेनात. ते एव्हाना गिरण्या-खाणींत लागले होते. त्यांच्या लेखी हा मालकांच्या बाजूला गेला होता. त्याच्या शिक्षणासाठी राबून राबून बाप १९०३ मध्ये वारला आणि बापाच्या अंथरुणाशी त्याने शपथ घेतली की आयुष्य कामगारांसाठी घालवीन. १९२५ मध्ये त्याने तरुण कामगारांची चळवळ उभी केली. विद्यार्थ्यांची चळवळ निघाली ती याच मुशीतून. कार्डाइनची रीत तीन शब्दांत मावते : पाहा, पारखा, करा. उपदेशाने सुरुवात करायची नाही, आधी डोळे उघडून जे आहे ते लिहून काढायचं. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात हे तीन शब्द घेतले, तेव्हा ते साऱ्या चर्चचे झाले.

प्रायश्चित्तकाळासाठी दादाने गृहपाठ दिला. एक आठवडा आपल्याच घरात कोण किती राबतं आणि त्याला काय मिळतं, हे वहीत लिहायचं. तीन रकाने. पहिला 'पाहा', दुसरा 'पारखा', तिसरा 'करा'. पहिले दोन स्वतः भरायचे. तिसरा घरच्यांनी मिळून.

आजवर प्रायश्चित्तकाळात पोरं मांसाहार सोडायची, मोबाइल सोडायची. मोनिकाबायच्या मते ते बरं होतं. सुटलेल्या मटणाचे पैसे तरी वाचायचे.

वही एका रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर आली. विल्सनने वरच्या ओळी वाचल्या आणि हसला. "घरात युनियन काढलीस काय गं?" मग त्याचं हसणं थांबलं, कारण पहिली ओळ त्याची होती. त्याचे कामाचे तास, लोकलमध्ये उभं राहण्याचे तास, पगार, सगळं नीट. दुसऱ्या ओळीत मम्मी. पहाटे चारला उठणं, खुडणं, डबे, चूल, आजीची औषधं, टेम्पोवाल्याशी हिशेब, संध्याकाळची जपमाळ, रात्री साडेदहाला भांडी. 'मिळकत' या जागी एक आडवी रेघ. तिसऱ्या ओळीत सुकरी. पहाटे साडेचारला घरातून निघणं, दुपारी एकपर्यंत वाडी, तीनशे रुपये. पुरुष मजुराला पाचशे. चहा : मागच्या दारी, वेगळ्या कपात.

सुकरीसमोर 'पारखा'च्या रकान्यात रेशलने फक्त एवढंच लिहिलं होतं : 'याकोबाचं पत्र, ५:४. २९ सप्टेंबर. मम्मीने वाचलं.'

मोनिकाबायला आठवलं. सप्टेंबरातल्या त्या रविवारचं दुसरं वाचन. शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी धन्यांनी अडकवून ठेवली ती देवाच्या कानी ओरडत आहे, अशा अर्थाचं. तिने ते आदल्या रात्री आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा. मिस्सेनंतर पायऱ्यांवर चार बायकांनी येऊन सांगितलं होतं, मोनिका, अंगावर काटा आला गं. त्या वेळी सुकरी वाडीत होती.

"मी काय कुणाची मजुरी बुडवली?" मोनिकाबायचा आवाज चढला. "रोजच्या रोज हातावर ठेवते! तुला देवळात पाठवलं ते माझ्या घरचे हिशेब तपासायला?"

"मी काहीच म्हटलेलं नाही, मम्मी. लिहिलंय फक्त."

कोपऱ्यात आजी बसल्या होत्या. ऐंशी पार, अजून लाल लुगड्यातल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये होती. कुणाला काही कळत नव्हतं. सगळे सुखात होते."

आजींचा टोला नेमका बसला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठीच्या दशकाच्या अखेरीकडे, वेदीवर मराठी आली तेव्हा आमच्या वाडवडिलांना आनंद झाला तो आपल्या बोलण्यात देव बोलू लागला म्हणून. तो काय बोलेल याची चौकशी कुणी केली नव्हती.

दोन दिवसांनी मोनिकाबाय फादरांकडे गेली. तक्रार सरळ होती. गटात पोरांच्या डोक्यात काहीबाही भरवलं जातं. धर्म सोडून घरच्या भानगडीत नाक खुपसायला शिकवतात. तुम्ही रेशलला दोन शब्द सांगा, ती तुमचं ऐकते.

फादरांनी ऐकून घेतलं. "मोनिकाबाई, तुमच्या नावाच्या संत बाईची गोष्ट आठवते ना?"

आठवत होती. ऑगस्टच्या २७ तारखेला तिचा सण, दुसऱ्या दिवशी मुलाचा. चौथ्या शतकातली उत्तर आफ्रिकेतली ती आई, आजच्या अल्जीरियातली. मुलगा ऑगस्टीन हुशार, पण भलत्याच पंथात शिरलेला. मोनिका रडून रडून थकली आणि एका बिशपांकडे गेली, माझ्या मुलाशी तुम्ही बोला म्हणून. ते बिशप लहानपणी त्याच पंथात वाढलेले, त्यांना सगळं माहीत. त्यांनी नकार दिला. म्हणाले, त्याला राहू दे, तू प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. तरी बाई हटेना. शेवटी वैतागून त्यांनी तिला वाटेला लावलं आणि जाता जाता म्हणाले, इतक्या आसवांचा मुलगा वाया जायचा नाही.

"तर तुम्हीही बोलणार नाही," मोनिकाबाय म्हणाली.

"तुमची तक्रार तर उलटी आहे. ती रडत होती मुलगा देवळात येत नाही म्हणून. तुम्ही आलात मुलगी देवळातून घरी आली म्हणून." फादर उठले. "बरं, पास्काच्या वेदीला मोगरा नेहमीप्रमाणे तुमच्याकडूनच ना?"

हे त्यांनी मुद्दाम विचारलं की सहज, ते फादरच जाणोत. आमच्या धर्मग्रामात पास्काची वेदी दरवर्षी मोनिकाबायच्या मोगऱ्याने सजते. पैसे घेत नाही ती, दान असतं. आभाराच्या यादीत नाव वाचलं जातं, 'विल्सन आणि कुटुंबीय'. परतीच्या वाटेवर तिच्या मनात एवढंच आलं की पास्काच्या शनिवारी ती दुरडी खुडायला सुकरी नेहमीपेक्षा तासभर आधी येते, आणि त्या जादा तासाचं आपण तिला कधी विचारलेलं नाही.

इथे गोष्ट सांगणारे घाई करतात. बाईचं मन पाघळलं आणि तिने मजुरी वाढवली, असं सांगून मोकळे होतात. तसं झालं नाही. मोनिकाबाय आठवडाभर रेशलशी तुटक वागली. वही उचलून फ्रीजवर ठेवली. सुकरीला मागच्या दारीच चहा दिला, उलट त्या दिवसांत जरा जास्तच आपटून दिला.

तिला छळत होती ती सुकरीची ओळ नव्हे. तिच्या वरची. रात्री भांडी झाली की ती वही खाली काढायची आणि आपल्याच नावासमोरची ती आडवी रेघ बघत बसायची. वीस वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं की तू उठतेस किती वाजता. टेम्पोवाला पैसे देतो ते विल्सनच्या खात्यात जातात, तेही तिला कधी खुपलं नव्हतं. माहेरी तिची आईही अशीच राबली. मदर्स डेला गटातली पोरं चर्चमध्ये आयांना एकेक गुलाब देतात, फोटो निघतो, टाळ्या होतात. पण गुलाब देणाऱ्या पोरीने आईचे तास मोजले होते, पहाटे चार ते रात्री साडेदहा, मधली दुपारची अर्धा तास पाठ टेकणंसुद्धा वजा करून. लेकीने एवढं बारकाईने कधी पाहिलं असेल? अंथरुणात डोळे मिटून पडलेली असताना? त्या ओळीने मोनिकाबायला आधी रडू आलं, मग राग आला, आणि मग एका रात्री तिच्या लक्षात आलं की आपली ओळ खरी मानायची तर खालची खोटी म्हणता येणार नाही. दोन्ही एकाच हाताने, एकाच पेनाने लिहिलेल्या होत्या. रेशलने आईला एकटीला मोजलं असतं तर मोनिकाबायने ती वही पाहुण्यांना दाखवली असती.

तिसऱ्या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'पाचशे. एक एप्रिलपासून.' विल्सनला सांगितलं, विचारलं नाही. टेम्पोचे पैसे यापुढे आपल्या खात्यात येतील, हेही त्याच दमात सांगून टाकलं. विल्सन म्हणाला, "हे पण वहीत आहे?" ती म्हणाली, "रेघेच्या जागी आहे."

कपाचं तिने काही लिहिलं नाही. एका सकाळी कोनाडा रिकामा होता आणि सुकरी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मांडणीवरच्या कपातून चहा पीत होती. आजींनी तोंड फिरवलं आणि दोन दिवसांनी पुन्हा इकडे केलं, कारण सुकरीकडून गावच्या बातम्या ऐकल्याशिवाय त्यांना दिवस जात नाही.

आळीत मात्र बोंब झाली. फुलवाल्या बायकांनी मोनिकाबायला विहिरीवर गाठलं. "तू भाव बिघडवलास. आता आमच्याकडच्या बाया पण पाचशे मागतात. तुझा नवरा कंपनीत आहे, आमच्यांचं काय?" त्यांचंही अगदी खोटं नव्हतं. फुलांचा दर दादरला ठरतो, आमच्या हातात नसतो, आणि श्रावण-गणपती सोडले तर तो बायकांच्या बाजूने क्वचितच झुकतो. दोघीजणींनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्यातली एक, वाचन ऐकून अंगावर काटा आलेली. मोनिकाबायने पास्कापर्यंत वाचकांच्या यादीतून आपलं नाव काढून घेतलं. का ते कुणाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

सुकरीचं काय? पाचशे हातावर पडले तेव्हा तिने नोटा मोजल्या, कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि कामाला लागली. रेशलला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल. निदान तोंडभर हसेल. गटात सांगायला एक प्रसंग होईल, असंही पोरीच्या मनात असावं. वय तसं होतं. पण सुकरीला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नसावं. पुरुष मजुराला पाचशे मिळतात हे तिला कायमच माहीत होतं.

पास्काचा रविवार २० एप्रिलला झाला. दुसऱ्याच दिवशी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली, गटाने रात्री चर्चमध्ये जपमाळ घेतली, आणि २७ एप्रिलला व्हायचा कार्लोचा संतपदाचा सोहळाही लांबणीवर पडला. रेशल हिरमुसली होती. त्या सगळ्या गडबडीत एका दुपारी सुकरी निघता निघता दारात थांबली.

"बाय, एक इचारू? रविवार मला सोडशील?"

मोनिकाबाय थबकली. "रविवारी? मोगऱ्याच्या दिवसांत?"

"तुमी रविवारी देवळात जाता ना. म्हून मी खुडते. माझी पोरगी पन आश्रमशाळेतून सुट्टीला आलीय. रविवारी घरी र्‍हाईन म्हनते."

जोएल ओट्यावर बुटाच्या नाड्या बांधत होता. त्याने वर न बघता सांगितलं, "तिची मुलगी सातवीत आहे, मम्मी. फुटबॉल खेळते. गोलकीपर." घरात हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. युवा गटात न गेलेल्या पोराला माहीत होतं, हे मोनिकाबायला त्या क्षणी बोचलं असेल. पण तिने ते पुढे कधीच कुणाच्या तोंडावर मारलं नाही, रेशलच्या तर नाहीच. दोन पोरं दोन वाटांनी एकाच दारात आली होती, आणि कोणती वाट जवळची याची चौकशी करायला तिला सवड नव्हती. येत्या रविवारी खुडणार कोण, हा प्रश्न होता.

मे महिन्यातल्या त्या पहिल्या मोकळ्या रविवारी पहाटे पावणेपाचला तिने दोघांना उठवलं. विल्सनलाही. तो बॅटरी उलटी लावून वाडीत आला आणि पहिली दहा मिनिटं त्याने कळ्या सोडून पानंच खुडली. जोएल कुरकुरत होता. "मी गटात पण नाही. मला का?"

"जेवतोस ना?" आई म्हणाली.

रेशल घड्याळ बघत होती. सातची मिस्सा, आठ वाजता सगळ्या गटांची एकत्र बैठक, तिथे तिला उभं राहून बोलायचं होतं. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. तिची ओळ निम्मीही झाली नव्हती. मोगऱ्याची कळी घाईत नीट निघत नाही. देठ राहतो नाहीतर पाकळी फाटते, आणि फाटलेली दादरवाला बाजूला काढतो. तिने दोन्ही केलं.

"मम्मी, मी निघू? मला अहवाल वाचायचाय."

"कसला?"

"आपलाच. तिसऱ्या रकान्याचा."

"मग ओळ पुरी कर. अर्ध्या ओळीचा काय अहवाल वाचणार?"

रेशल पुन्हा वाकली. थोड्या वेळाने तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, "हे दर रविवारी असंच?"

"मोगरा आहे तोवर."

"पण मग गटाची बैठक..."

"फादरांना सांग, बैठक दहाला ठेवा म्हणावं," मोनिकाबाय म्हणाली. "आणि हो, चर्चमधून येताना पाच-सहा पोरांना सोबत घेऊन ये. पुढच्या रविवारी पलीकडच्या वाडीतल्या बाईने पण सुट्टी मागितलीय, आणि तिच्या मालकिणीला मी जबान देऊन बसलेय."

टेम्पोचा हॉर्न वाजला. जोएल दुरडी उचलून पळाला.